खळ्यावरचे बूट

तुरी वाळल्या की आमच्या भागातल्या वाऱ्याला खुळखुळ्याचा आवाज येतो. वारा शिवारातून जाता जाता शेंगांना नुसता हात लावतो आणि सगळं रान हलकं हलकं वाजायला लागतं. पहाटे दात वाजतात, दुपारी पाठीला ऊन गोड लागतं, हरभऱ्यातून चाललं की पायांना पानांवरची आंबट आंब झोंबते, आणि दिवस मावळताना रानातल्या खोपटांवरून, आमच्या भाषेत आखाड्यांवरून, तुराट्यांचा धूर सरळ वर जातो. भोकरदन तालुक्यात वाढलेल्या माणसाला हा मोसम कॅलेंडर न बघता कळतो. अलीकडं मला तो आणखी एका आवाजानं कळायला लागला आहे. लांब डांबरी रस्त्यावरून वीस-पंचवीस मोटारसायकली एकदम गुरगुरत येतात, तो आवाज. अडलेली म्हैसही असाच आवाज काढते, पण तिला निदान कारण असतं.

गेल्या आठवड्यात माझा चुलतभाऊ भास्कर यानं यंदाच्या रॅलीचं पोस्टर मोबाईलवर पाठवलं. भास्कर हा गावातला होऊ घातलेला पुढारी. कुणाच्याही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात हात जोडून उभा सापडतो. पोस्टरवर बर्फाचा डोंगर होता. आमच्या तालुक्यात तसला डोंगर नाही. त्यावर लिहिलं होतं, 'दोन दिवस, एक रात्र. इतिहास, कॅम्पिंग आणि मातीची ओढ.' मातीची एवढी ओढ असलेल्या माणसाला मातीपर्यंत पोचायला इतकं मोठं इंजिन कशाला लागतं, हे मला कधी कळलेलं नाही. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. त्या ओळीकडं मी येणार आहे, पण आधी पहिल्या वर्षाचं सांगायला हवं.

मोटारसायकलीचं मला कौतुक नाही, कारण माझं निम्मं आयुष्य तिच्यावर गेलंय. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत आहे. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि ते उगवतं का ते बघायचं, हे माझं काम. आठवडाभर जालन्यात खोली करून राहतो आणि शनिवारी राजूरमार्गे गावाकडं निघतो. पाळी सुटायच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहावं, म्हणजे मोटारसायकल काय चीज आहे ते दिसतं. लोखंडाच्या कारखान्यातून भुवयांपर्यंत काळी होऊन बाहेर पडलेली माणसं एकेका गाडीवर तिघं तिघं बसून जातात. आमच्याकडं मोटारसायकलीवरून दुधाच्या कॅना जातात, गॅसची टाकी जाते, पोटाशी धरलेली शेळी जाते, बाळंतपणाला निघालेली बाई जाते. यांच्यापैकी कुणालाही आजवर कुणी रायडर म्हटलेलं नाही. यांच्या हेल्मेटवर कॅमेरा नसतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यावर हेल्मेटच नसतं. ते चूकच आहे, पण निदान ते त्याला साहस म्हणत नाहीत.

त्या वर्षी मोठी माय माझी वाट बघत होती. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती, भास्करची आई. तिच्याकडं एक तूर आहे. तांबडी, बारीक, चटकन शिजणारी, लग्नात तिच्या ओटीत माहेरून आलेली. दर साली ती त्या तुरीचं बी राखते आणि पेरणीच्या तोंडावर गावातली आठ-दहा घरं तिच्याकडून ते घेऊन जातात. हे बी ती मळणी यंत्रात घालू देत नाही. यंत्राच्या पोटात आदल्या शेताची तूर अडकलेली असते आणि तिची भेसळ होते. ताडपत्रीवरही तिचा भरवसा नाही, ताडपत्रीला पहाटे घाम येतो म्हणते. म्हणून गावातली बाकीची खळी नांगराखाली गेली तरी मोठी माय दर तुरीला खळं करते.

खळं करणं म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. जमीन सारखी करायची, पाणी सोडायचं, मधोमध तिवडा म्हणून एक खांब रोवायचा, आणि त्याच्याभोवती बैल आणि माणसं गोल गोल फिरवून ती माती तुडवायची, घट्ट होईपर्यंत. मग शेणानं सारवायचं. एकदा सारवलं की त्यावर कुणी पायताण घालून चढत नाही, मग तो पाटील असो की जावई. तुडवताना पहिला फेरा घरच्या पोराचा, हा मोठ्या मायच्या माहेरचा रिवाज. भास्कर दर साली म्हणतो, "माय, मशीन आणतो ना, काहून एवढा कुटाणा करते?" आणि दर साली पहिला फेरा म्हातारी स्वतःच मारते.

त्या शनिवारी खळं सारवून वाळलेलं होतं, तुरीची सुडी शेजारी रचलेली होती आणि रविवारी ती बडवायची होती. रविवारीच, कारण टीव्हीवर अवकाळी पावसाचं सांगत होते. सुडीत पाणी शिरलं की तूर जागच्या जागी मोड धरते. मग ते बी गेलंच, आणि त्या तांबड्या तुरीचं दुसरं बी कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून मी अर्धी रजा टाकून दुपारीच जालन्याहून निघालो.

असईजवळ ते मला पहिल्यांदा दिसले. असई म्हणजे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं रान. दोनशेच्या वर वर्षं झाली, इथं मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली आणि आपण हरलो. शाळेत असताना गुरुजी आम्हाला इथं आणायचे, झाडाखाली बसवून हे सांगायचे, आणि मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. वारा तेवढा बोलायचा. त्या जागेवर त्या दिवशी पंचवीस गाड्या लागल्या होत्या, झेंडे लागले होते, आणि ज्याला सगळे कॅप्टन म्हणत होते तो गडी गाडीच्या सीटवर उभा राहून सांगत होता की याच मातीत आपण इंग्रजांना पाणी पाजलं. कॅप्टन कुठल्या सैन्यात नव्हता. पुण्याकडच्या कुठल्याशा कंपनीत संगणकापुढं बसायचा, असं नंतर कळलं. जयजयकार झाला. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांनी तो टिपून घेतला. मी पानटपरीवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, सांगा की त्यांना, आपण हरलो होतो म्हणून."

म्हातारा सुपारी कातरत राहिला. "जिकू दे रे. एवढं पेट्रोल जाळून आले बिचारे. हरलो म्हणलं तं घरी कोणत्या तोंडानं जातील?"

या लोकांबद्दलची माझी तुच्छता त्या टपरीवर जन्मली आणि अजून तिला काही झालेलं नाही. इतिहास बघायला आलेल्या माणसाला हरणं बघवत नसेल तर त्यानं जत्रेत जावं, पाळण्यात बसावं. आपण जिथं हरलो तिथं गप्प उभं राहायला आधी इंजिन बंद करावं लागतं, आणि यांचं तेच बंद होत नाही. पाच मिनिटांत असई उरकली, दहा मिनिटांत फोटो उरकले, आणि सगळी फौज आमच्याच गावाच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की भास्कर फोनवर ज्या पाहुण्यांचं सांगत होता ते हेच.

रानात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मोठी माय दुसऱ्या दिवशीच्या बायांसाठी भाकरीचं पीठ दळून आणायला घरी गेल्ती. भास्करनं पाहुण्यांना खालचं रान दिलं होतं, पण तिथं कापसाच्या कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट उभे होते आणि ते तंबूंना टोचत होते. मग पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं असणार, आणि साऱ्या शिवारात त्यांना एकच सपाट, गुळगुळीत, गोल जागा दिसली असणार. मी बांधावर गाडी लावली तर खळ्यावर तंबू उभे. प्रत्येक तंबूचे खिळे सारवणातून आरपार ठोकलेले. गाड्या वर चढवलेल्या, त्यांच्या स्टँडांनी भोकं पाडलेली. तिवड्याला दोरी बांधून तिच्यावर मोजे वाळत घातलेले. आणि घोट्याच्या वर येणारे, बकलांचे, जाड तळव्यांचे बूट मोठ्या मायच्या खळ्यावर खुशाल हिंडत होते.

"भारी हेलिपॅड केलंय हो तुम्ही लोकांनी," कॅप्टन मला म्हणाला. "सरकारी योजना आहे का?"

मी भास्करला बाजूला ओढलं. "दिसत न्हाई का तुला? उद्या तूर बडवायची हाये."

"सांगणारच होतो," भास्कर म्हणाला. "पण पाहुण्याला आता उठा कसं म्हणू? आख्खा महाराष्ट्र मोबाईलवर पाहून राह्यला त्यांना. गावाचं नाव होईल."

"आन मोठी माय?"

"तिला सकाळी सांगू. जल्दी काय हाये."

त्याच्या पायांत नवे पांढरे बूट होते आणि तोही खळ्यावरच उभा होता.

रानात झोपायला आमच्याकडं जागल म्हणतात. रानडुकरं येतात, म्हणून माणूस मचाणासारख्या माळ्यावर गोधडी गुंडाळून बसतो आणि डबा वाजवत पहाट करतो. त्यालाही तारे दिसतात, पण तो कुणाला सांगत बसत नाही, कारण रोजच दिसतात. हे लोक घरची गादी सोडून थंडीत कुडकुडायला इथवर आले, आणि आल्यावर थंडी वाजू नये म्हणून चेनच्या पिशव्यांत शिरले, तोंड तेवढं बाहेर. त्याआधी भास्करनं त्यांना हुरडा खाऊ घातला. कोवळ्या, वाफाळत्या हुरड्यावर एकानं चीज किसलं. ज्वारीनं काय पाप केलं होतं कोण जाणे.

रात्री घरी गेल्यावर मोठ्या मायला सांगायचा धीर मलाही झाला नाही. सकाळी उठलो तर आभाळ गच्च भरलेलं. मोठी माय उजाडायच्या आधीच रानात गेल्ती. मी गाडीला किक मारून सुसाट सुटलो. मला वाटलं होतं ती रडत असेल, नाहीतर शिव्या देत असेल. ती आखाड्याच्या बंद दारापुढं बसून शांतपणे मिसरी लावत होती. दाराला कुलूप होतं. खळ्यावर तंबूंमधून एकेक जण बाहेर येत होता आणि इकडं तिकडं शोधत होता. झोपताना सगळ्यांनी बूट तंबूबाहेर काढून ठेवले होते. आता तिथं एकही बूट नव्हता.

कॅप्टन मोज्यांवर चालत आला. "आजी, आमचे बूट कुणी नेताना पाहिलंत का?"

"मीच नेले," मोठी माय म्हणाली. "पाटीत घालून. लई जड हायेत रे बाबा. पायताण हाये का लोढणं?"

"आजी, आम्हाला आता निघायचंय. अन्व्याचं देऊळ बघायचंय, मग जेवण, मग..."

"देऊळ कुठं पळून चाललंय? उद्याबी तिथंच ऱ्हाईल. आभाळ थांबत न्हाई." तिनं खळ्याकडं हात केला. "ते तुम्ही मोडलं. तुम्हीच करून द्यायचं. खळं झालं की बूट मिळतील."

कॅप्टननं भास्करला फोन लावला. भास्कर आला, धापा टाकत. "माय, पाहुणे हायेत ते. गावाची काय इज्जत ऱ्हाईल?"

"पाहुणे पाय धुवून घरात येतेत," मोठी माय म्हणाली. "बुटानं खळ्यावर चढतं ते जनावर. आन जनावरानं खळं तुडवायचं असतं."

पुढचं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. तंबू निघाले. गाड्या ढकलत बाजूला गेल्या. मी विहिरीची मोटार चालू केली, भोकांत माती भरली, खळ्यावर पाणी सोडलं. बैलजोडी आणली. आता पहिला फेरा. मोठी माय भास्करकडं बघत थांबली. भास्कर बांधावर उभा राहून मोबाईलमध्ये काहीतरी फारच महत्त्वाचं वाचत होता. साऱ्या रानात बूट आता त्याच्याच पायांत होते, कारण तो घरी झोपला होता. म्हातारीनं लुगडं वर खोचलं आणि पहिला फेरा तिनंच मारला. तिच्यामागं बैल, आणि बैलांमागं पंचवीस रायडर.

काय ते पाय. गुडघ्यांना ढाली बांधलेल्या, पँटी वर दुमडलेल्या, आणि खाली जन्मात ढेकळावर न पडलेले मऊ पांढरे पाय. गार चिखलात पाय पडला की एकेकाच्या तोंडून आईची आठवण निघायची. इंग्रजांना पाणी पाजणारा कॅप्टन काट्याच्या भीतीनं चवड्यांवर चालत होता. मोठी माय तिवड्याशी उभी राहून त्यांना हाकत होती, बैलांना हाकायची त्याच आवाजात. "टाच टेकव रे. नाचू नको. ए चष्मेवाल्या, बैलाच्या बराबर चाल, बैल तुह्याहून शाना हाये." थोड्या वेळानं त्यांना मजा वाटायला लागली. मोबाईल निघाले. त्यांच्यातली एक पोरगी तेवढी काही न बोलता टाच रोवून फिरत राहिली, दमली तरी थांबली नाही, आणि मोबाईल तिनं खिशातून काढला नाही. तिच्याबद्दल मला वाईट काही लिहिता येत नाही, याचा मला थोडा रागच येतो.

दुपारपर्यंत माती घट्ट झाली. बायांनी सारवलं, वरून राख भुरकावली. ऊन नव्हतं, पण वाऱ्यानं ओल ओढून घेतली. मोठ्या मायनं कुलूप काढलं. पंचवीस माणसं बुटांच्या ढिगात वाकून आपापला जोड शोधत होती तेव्हा ती त्यांच्यासाठी चुलीवर चहाचं आधण ठेवत होती. चहा तिनं कधी कुणाला चुकवलेला नाही. कॅप्टननं जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि म्हणाला, "आजी, फार ऑथेंटिक वाटलं."

"काय म्हणून राह्यला?" तिनं मला विचारलं.

"चहा चांगला झाला म्हणतो," मी म्हटलं.

मग आम्ही तूर बडवली. काठ्यांचा एका लयीत पडणारा आवाज, नाकात जाणारा भुसा, गळ्याला सुटलेली खाज, आणि उपणताना वाऱ्यात वेगळी होत खाली पडणारी तांबड्या दाण्यांची धार. ते आठवलं की अजून माझ्या तळहातांना काठी लागते. दिवस बुडता बुडता शेवटचं पोतं आखाड्यात गेलं आणि थोड्याच वेळात पत्र्यावर थेंब वाजायला लागले. बी वाचलं. त्यातले मूठभर दाणे मी जालन्याला नेले आणि ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. ते असे उगवले की बघत राहावं. कंपनीत मी कुणाला दाखवले नाहीत. आमच्याकडं पाकिटावर चित्र नसलेल्या बियाला कुणी बी म्हणत नाही.

काही दिवसांनी भास्करनं मला व्हिडिओ दाखवला. कॅप्टन चिखलात फिरतोय, मागं बासरी वाजतेय, खाली अक्षरं, 'मातीशी नाळ.' खळं मोडल्याचं त्यात काही नव्हतं, बूट कुलपात असल्याचंही नव्हतं. असईसारखेच ते इथंही जिंकले होते.

तेव्हापासून दर तुरीला ते येतात, खालच्या रानात उतरतात, आणि खळ्याला लांबून वळसा घालतात. यंदा मात्र दिवाळी झाल्यावर भास्करनं बैलजोडी विकली आणि कॅप्टनसारखीच मोठी मोटारसायकल आणली. आता तोही रायडर आहे. बैल गेले त्यानंतर मोठी माय बरेच दिवस गोठ्याकडं फिरकली नाही, असं तिची सून सांगत होती. बाया कापूस वेचायला जातात, गडी एमआयडीसीत. म्हातारीचे गुडघे आता सकाळी लवकर सरळ होत नाहीत. गेल्या शनिवारी मी गेलो तेव्हा ती खळ्याच्या जागेवरचं गवत एकटीच खुरपत होती. "औंदा तुडवायला कोणी न्हाई," म्हणाली. "बी जातं बहुतेक." एखादी म्हातारी शेजारीण वारली हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

मी रागातच मोबाईल काढला आणि तिला पोस्टरची ती शेवटची ओळ वाचून दाखवली. 'खास आकर्षण: अनवाणी पायांनी खळं तुडवण्याचा अस्सल ग्रामीण अनुभव.'

"तमाशा करून टाकला तुह्या खळ्याचा," मी म्हटलं. "मी सांगतो भास्करला, बिलकुल जमणार न्हाई म्हणून."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "कव्हा येतेत?"

"येत्या शनवारी."

"गेल्या बारीएवढेच का जास्त?"

"जास्तच असतील."

"मंग न्हाई म्हणू नको," मोठी माय म्हणाली. "बैल तं गेले."

तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. पोस्टरवर डोंगरापुढं रायडरांची रांग उभी होती. मधोमध भास्कर, गुडघ्यांना ढाली, डोळ्यांना काळा चष्मा, हात जोडायची सवय सुटलेली.

"हा आपला भास्कर ना?"

"हो. सगळ्यांच्या पुढं असतो तो आता."

"मंग ह्यालाबी बूट काढा लागतील."

"लागतील की. पोस्टरवरच लिहिलंय."

तिनं तो फोटो पुन्हा एकदा बघितला, मोबाईल पदराला पुसून माझ्या हातात दिला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"येऊ दे," ती म्हणाली. "औंदा पहिला फेरा घरच्या पोराचा व्हईल." आणि आखाड्याच्या गंजलेल्या कुलपात तेल सोडायला गेली.